गप्प आणि सराव

— सही करते हो, सही कुठे पळून चाललीय — पण आधी बसा तुम्ही. ती ट्रॉली दारातच राहू द्या, आत आणलीत तर आपल्या दोघांपैकी एकाला बाहेर उभं राहावं लागेल, खोली बघताय ना केवढी आहे ती. एक टेबल, दोन खुर्च्या, हे मशीन आणि ही खिडकी — खिडकीतून धरणाचे दरवाजे दिसतात, सात आहेत, मोजायचे तर मोजा. तुम्ही स्टोअरमधून आलात, जुनं मशीन उचलायचं, नेऊन त्याची डिस्क कोरी करायची, मग ते भंगारात, आणि त्यासाठी या कागदावर माझी सही हवी — कळलं मला, तीनदा सांगितलंत. पण भाऊ, अकरा वर्षं मी याच्यापुढे बसलेय. घरातला जुना मिक्सर भंगारात देतानासुद्धा बाई एकदा पुसून देते. दहा मिनिटं द्या मला. घड्याळ काय बघता, मलाही दिसतंय — पावणेदोन. तीनला मलाही एके ठिकाणी असायला हवं — म्हणजे, असायलाच हवं असं नाही, मला कुणी बोलावलेलं नाही. बसा.

इथे काय चालतं माहितेय तुम्हाला? नाही ना, कुणालाच नसतं. लोकांना वाटतं धरणावर दरवाजे उघडणारा महत्त्वाचा. अहो, दरवाजा काय, बटण दाबलं की उघडतो. पण त्याच्या आधी अर्धा तास खाली नदीकाठी जी माणसं आहेत त्यांच्या फोनवर मेसेज जायला हवा — पाणी सोडतोय, पात्रातून बाहेर या. तीन हजार दोनशे चौदा फोन. पूर्वी भोंगाही होता, तो जळाला, दुरुस्तीला गेला तो गेलाच, तीन महिने झाले. म्हणजे सगळी भिस्त या मेसेजवर. आणि मेसेज पाठवायचं आमचं जे साधन आहे त्याला ना चित्रं ना बटणं — काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. निरोप्या म्हणतो आम्ही त्याला. त्याला हुकूम टाइप करून द्यायचा आणि हुकमाच्या मागे पर्याय लावायचे, कुणाला पाठवायचं, कुठला मजकूर, कशा तऱ्हेनं — दोन आडव्या रेघा आणि पुढे एक शब्द, की झाला पर्याय. नवीन माणूस ते बघूनच गांगरतो. मी नाही गांगरले. शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले मी हे, घरात सगळे हसायचे, आमचे हे म्हणायचे की आता या वयात काय परीक्षेला बसणार आहेस काय. बसले की. ही वही बघा, सगळे पर्याय माझ्या हातानं लिहिलेत, कशानं काय होतं ते. अजून इथला प्रत्येक माणूस हीच वही उघडून काम करतो.

पर्याय पुष्कळ, पण कामाचे चार. एक, मदत — तो लावला की निरोप्या स्वतःच आपली सगळी माहिती सांगतो, शंभरदा विचारा, वैतागत नाही, नवऱ्यापेक्षा बरा. दुसरा सराव. तो लावला की सगळं खऱ्यासारखं होतं — यादी उघडतो, फोन मोजतो, मजकूर जुळवतो — फक्त पाठवत नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत सांगतो, सराव होता, काहीही पाठवलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमची तालीम असते तेव्हा हा लागतो, नाहीतर तीन हजार माणसं उगाच गुरंढोरं घेऊन पळत सुटतील. तिसरा गप्प. कारण निरोप्या जात्याच बडबड्या, एकेका फोनची ओळ दाखवतो, हा पोहोचला, तो पोहोचला, याचा बंद आहे — तीन हजार ओळी डोळ्यापुढून सरकतात, गरगरायला होतं. गप्प लावला की तो अवाक्षर काढत नाही, बिघाड झाला तरच तोंड उघडतो. आणि चौथा, हो. एरवी पाठवायच्या आधी निरोप्या एकदा विचारतो — पाठवू का? हा पर्याय लावला की विचारत नाही, तुमचं हो धरूनच चालतो.

आता हे दर वेळी टाइप करत बसायचं म्हणजे कटकट. म्हणून एक सोय आहे — सामाईक पर्यायांची फाईल. तिच्यात जे लिहाल ते प्रत्येक हुकमाला आपोआप लागू. खुर्चीवर कुणीही बसो, काहीही टाइप करो. गच्चीवरच्या टाकीत औषध टाकलं की घरातल्या सगळ्या नळांना येतं ना, तसं. ती फाईल सांभाळायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही असा साहेबांचा लेखी आदेश आहे, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. मोठे साहेब एकदा मागे उभे राहून म्हणाले, ताई, घाईच्या वेळी हे यंत्र प्रश्न काय विचारतं, आणि ह्या ओळी काय पळतायत, काहीतरी करा. केलं. त्याच दिवशी फाईलीत ‘हो’ लिहिलं आणि ‘गप्प’ लिहिलं. आणि सगळ्यांना सांगितलं — आता पडदा काही बोलणार नाही, तो गप्प बसला म्हणजे मेसेज गेला असं समजायचं. वहीतही लिहिलंय, हे बघा, लाल शाईनं. गप्प म्हणजे गेला.

काय म्हणालात? — हो, तेच धरण. पेपरात आलं होतं तेच. दुसरं कुठलं असणार. आणि पेपरात ज्याचा फोटो होता तो माणूस या दुसऱ्या खुर्चीत बसायचा. सावकाश म्हणतो आम्ही त्याला. दर वाक्याला तोच शब्द — सावकाश करू, सावकाश जा, ताई, पायरी ओली आहे, सावकाश. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार, जिना उतरून जाणार आणि परत वर येऊन तिसऱ्यांदा ओढणार. आम्ही चिडवायचो त्याला, तुझं लग्नसुद्धा मुहूर्त टळल्यावर लागलं असेल. हसायचा नुसता. आणि त्याच्यावर ठपका काय? हलगर्जीपणा. मेसेज न पाठवताच दरवाजे उघडले. आज तीन वाजता चौकशीची शेवटची बैठक आहे, आज निष्कर्ष लिहून सह्या होणार. नोकरी तर गेल्यात जमा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही ना, माणूस गेलाय, कागद पुढे पोलिसांकडे जाणार. म्हणजे तुरुंग. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे त्याची, ती वर्गात जाईनाशी झालीय.

तो दिवस मंगळवारचा. मी रजेवर होते, डोळे तपासायला गेले होते, डॉक्टरची चिठ्ठी आहे माझ्याकडे — तुम्ही मागितली नाहीत, ठाऊक आहे मला, सवय झालीय दाखवायची. सकाळी वरच्या अंगाला धो धो पाऊस, पाणी चढायला लागलं. सावकाश एकटा इथे. दहा चाळीसला त्यानं हुकूम टाइप केला, एन्टर दाबलं. पडदा गप्प. तो पाच मिनिटं बघत बसला, बिघाडाची ओळ येते का. आली नाही. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली, आणि तरीसुद्धा — सावकाशच तो — अर्ध्या तासाऐवजी पस्तीस मिनिटं थांबला. सव्वाअकराला दोन दरवाजे उघडले. मेसेज एकालाही गेलेला नव्हता. मेसेजवाल्या कंपनीकडे नोंद मागवली, त्या सकाळी आमच्याकडून शून्य. इथल्या मशीनमध्ये त्यानं दिलेला हुकूम दिसतो, पण हुकमापुढे वेळ दिसत नाही, आणि तोच हुकूम दर आठ-पंधरा दिवसांनी असतोच. चौकशीवाले म्हणाले, जुना हुकूम दाखवतोस आणि रजिस्टरमध्ये वेळ मागाहून लिहिलीस. तो म्हणाला, नाही, मी दिला होता. मग कशावरून गेला म्हणतोस? तर म्हणे, पडदा गप्प होता. हसले सगळे. मीही त्या खोलीत होते.

खाली, वळणापाशी, मोठमोठे सपाट दगड आहेत. तिथे एक जोडपं कपडे धुवायचं — गावातल्या दवाखान्याच्या चादरी, लॉजच्या चादरी. वीस वर्षं तिथेच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टोपलीत ठेवायचे, टोपली उंच दगडावर. मेसेजचा आवाज आला की चादरी गोळा करायच्या आणि वर चढायचं. त्या दिवशी ती वाळत घातलेलं काढायला काठावर आली होती, तो खाली होता. पाणी आलं. ती म्हणते, मी हाक मारली, त्यानं आधी टोपलीकडे बघितलं — म्हणजे, फोन तर वाजला नाही, मग ही का ओरडते, असं. तेवढ्यात गेला. दोन दिवसांनी पुलाच्या खांबाशी सापडला. मी गेले होते तिला भेटायला. का म्हणजे? गेले. ऑफिसच्या वतीनं कुणीतरी जायला नको? तिनं मला काही बोलून दाखवलं नाही. फोन काढला, पिशवी सोडली, आणि मला मेसेज दाखवत बसली — हा मागच्या महिन्यातला, हा त्याच्या आधीचा, सगळे जपून ठेवलेत. वाचता येतं तिला, अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचते. म्हणाली, बघा ना बाई, दर वेळी यायचा, त्या दिवशीच कसा नाही आला? मी म्हटलं, चौकशी चालू आहे. असं म्हटलं मी तिला. जिभेला हाड नसतं हेच खरं.

नको, प्लगला हात लावू नका अजून. मशीन चालू राहू द्या.

काय? — हो, त्यानं हुकूम दिलाच होता. मला माहीत आहे. कसं माहीत म्हणजे — स्वभाव माहीत आहे माझ्या माणसाचा, नऊ वर्षं शेजारी बसलाय, धाकट्या दिरासारखा. मी जेवायला बसले की डब्याचं झाकण तो उघडून द्यायचा, माझा अंगठा दुखतो म्हणून. असा माणूस हुकूम न देता दरवाजे उघडेल? तेवढंच म्हणतेय मी. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही स्टोअरचे आहात ना? नक्की ना? ओळखपत्र — राहू द्या, राहू द्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं.

बरं, ऐका. मी खोटं बोललेले नाही. एक शब्द नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून विचारलं, गप्प हा पर्याय फाईलीत होता का? मी म्हटलं होता, मीच घातला. गप्प लावल्यानं मेसेज जायचा थांबतो का? म्हटलं नाही, थांबत नाही. खरंच थांबत नाही, वहीत बघा. यंत्रात काही दोष? मोठे साहेब म्हणाले, ताई, चालवून दाखवा. मी त्यांच्यासमोर चालवून दाखवलं, पाच फोनांना पाठवला, पाचही वाजले, खिशात एकदम टिंग टिंग झालं. यंत्र निर्दोष, असा शेरा पडला. सगळं खरं. सावकाश समोरच बसला होता, माझ्याकडे बघत होता, रागानं नाही हो, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं — आशेनं. ताईंना सगळं येतं, ताई शोधून काढतील. आणि एक प्रश्न मला कुणीच विचारला नाही. एकानेही नाही. मी वाट बघत होते की आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी चष्मे काढले आणि म्हणाले, धन्यवाद, या तुम्ही.

कुठला प्रश्न? तुम्हाला अजून कळला नाही? तुम्ही चादरीवाल्या बाईपेक्षा भोळे आहात.

सोमवार. मंगळवारच्या आदल्या दिवशीचा सोमवार, महिन्यातला पहिला. तालीम होती. साहेबांना या वेळी तीन वेगवेगळ्या याद्यांची तालीम हवी होती — वरचा काठ, खालचा काठ, पुलापलीकडचे. प्रत्येकीचे चार-पाच हुकूम. दर हुकमाला सराव, सराव, सराव असं टाइप करायचं, आणि एकदा जरी विसरले तर एक हजार माणसं घाबरून पळणार, म्हणून मी शहाणपणा केला. सामाईक फाईल उघडली आणि ‘हो’ आणि ‘गप्प’च्या खाली तिसरी ओळ लिहिली. सराव. आता विसरायची भीतीच नाही, सगळ्या हुकमांना आपोआप. तालीम छान झाली. साहेब म्हणाले, ताई, तुमच्यामुळे ऑफिस चालतंय. पाच वाजले, डोळे चुरचुरत होते, दुसऱ्या दिवशी डॉक्टर — मी पर्स उचलली आणि घरी गेले.

नुसता सराव असता ना, तर निरोप्या ओरडला असता, काहीही पाठवलेलं नाही. नुसता गप्प असता तर मेसेज गेला असता. ‘हो’ नसता तर — सरावात निरोप्या पाठवू का असं विचारतच नाही — निदान प्रश्न यायचा राहिला म्हणून तो चपापला असता. तिन्ही एकत्र बसले आणि तोंड मिटून घेतलं. सावकाशनं वही उघडून बघितलं असणार, मी पैजेवर सांगते, वही उघडून माझी लाल शाई वाचली असणार — गप्प म्हणजे गेला. आणि तो निश्चिंत झाला.

बुधवारी मी आले. आठ वाजून गेले होते. सगळे खाली नदीवर, ऑफिस रिकामं. मला तोवर ती ओळ आठवलीही नव्हती, शपथेवर सांगते. फाईल सहज उघडली, आणि ती तिथे होती. या टेबलाला धरून उभी राहिले. मग — मग काय, बोटांनी काम केलं. ओळ पुसली, फाईल सेव्ह केली, पडदा स्वच्छ. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मनात म्हटलं, आधी चूक दुरुस्त करू, पुन्हा कुणाचा जीव जायला नको, मग साहेबांना सांगू. दुपारी सांगू. उद्या सांगू. चौकशीत विचारतील तेव्हा सांगू. आज बेचाळिसावा दिवस आहे. रात्री हे विचारतात, झोप का लागत नाही तुला, मी म्हणते, डोळ्यांचं औषध झोंबतं.

सात महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला. ते सांगून काय उपयोग, तुम्ही मनात म्हणालाच असाल. 

आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. ही आमची फाईल बदलली की मशीन दर वेळची जुनी प्रत बाजूला ठेवतं, आपण सांगितलं नाही तरी. मागच्या आठवड्यात कळलं मला, दुसरंच काहीतरी शोधताना. बघा — या इकडे, खुर्ची ओढा. ही आताची फाईल, दोनच ओळी, तारीख बुधवारची, आठ बारा. आणि ही तिच्या खालची जुनी प्रत. तीन ओळी. तारीख सोमवार, चार वाजून काही मिनिटं. वाचा तिसरी ओळ. मोठ्यानं वाचू नका. एवढी एक ओळ त्या साहेबांपुढे ठेवली की सावकाश सुटला. आणि एवढी एक ओळ पुसली की मी सुटले. पुसायला हात गेला होता माझा, खोटं कशाला सांगू. दोनदा गेला. नाही जमलं. म्हणून म्हटलं, माझ्या हातानं नको, सगळं मशीनच जाऊ दे.

हो. मीच. तुमच्या हातातला तो अर्ज मीच भरलाय, उलटून बघा, मागे माझं अक्षर आहे. मशीन जुने झाले आहे, कामास योग्य नाही, डिस्क कोरी करून निकालात काढावे. कसं सरकारी लिहिलंय ना? मशीनला काय धाड भरलीय, ते माझ्यापेक्षा धडधाकट आहे. आणि तारीख मागताना म्हटलं, बैठकीच्या दिवशीच या, दोनच्या आत. म्हणजे तीन वाजता ते तिथे सह्या करतील तेव्हा इथे टेबल रिकामं. तुम्ही वेळेवर आलात हो. स्टोअरची माणसं कधी वेळेवर येत नाहीत, आठ दिवस उशिरा येतात, म्हणून मला मनातून वाटत होतं — असो. तुम्ही आलात आणि म्हणालात सही करा, आणि माझ्या पेनाचं टोपणच निघेना. तुम्ही बघितलंत. मग मी बोलायला लागले. नमनाला घडाभर तेल घातलं, तुम्ही बिचारे ऐकत बसलात.

किती वाजले? दोन पंचवीस. 

सरका थोडे. नाही, उठू नका, बसा, साक्षीला कुणी तरी असू द्या. आधी ही सामाईक फाईल. गप्प — पुसला. हो — पुसला. आता फाईल कोरी. आता निरोप्या बोलेल आणि विचारेलही. कुणाला? चौकशी अधिकारी, एक. मोठे साहेब, दोन. सावकाश, तीन. आणि — थांबा, यादीत शोधते — वळणापाशी, दगड, चादरी — हा तिचा नंबर. चार. तिला कशाला म्हणता? भाऊ, तिला माझ्याकडून एक मेसेज यायचा राहिलाय.

मजकूर. तुम्ही ऐका आणि कुठे पळवाट दिसली तर सांगा, मला शब्दांत लपायची सवय लागलीय. ‘मंगळवारी मेसेज गेला नाही तो माझ्या चुकीमुळे. सोमवारची तालीम संपल्यावर सराव हा पर्याय मी सामाईक फाईलीतून काढला नाही. बुधवारी सकाळी लक्षात आल्यावर गुपचूप काढला आणि गप्प बसले. शेजारी बसणाऱ्यानं हुकूम वेळेवर दिला होता. जुनी प्रत या मशीनवर आहे, मशीन जागेवर आहे, मी त्याच्यापाशी बसले आहे.’ आणि खाली नाव माझं. हं? ‘काही कारणाने काढायचा राहिला’ असं लिहू म्हणता? नको. कारण-बिरण काही नको.

आता आधी सराव लावून बघते. हसू नका, सवय. — दाखवतोय बघा. चार फोन, मजकूर एक. सराव होता, काहीही पाठवलेलं नाही. किती ठळक लिहितो मेला. आता सराव काढला. एन्टर.

विचारतोय.

पाठवू का, हो की नाही. बघा ना, साधा प्रश्न. बेचाळीस दिवस मी एवढ्या मोठमोठ्या माणसांपुढे वाट बघत होते की कुणीतरी मला सरळ प्रश्न विचारेल, आणि शेवटी विचारलं कुणी, तर या डबड्यानं. आणि प्रश्न बंद करायचा पर्याय फाईलीत मीच घालून ठेवला होता. — माझा हात धरू नका. तुम्ही दाबू नका, मीच दाबायला हवं. नाहीतर पुन्हा म्हणेन, कुणी दुसऱ्यानं दाबलं.

हो.

अधिकारी — पोहोचला. साहेब — पोहोचला. सावकाश — पोहोचला.

चौथा दाखवत नाहीये. असेल, रेंज नसते त्या दगडांपाशी, पण ती आता दगडांवर जात नाही म्हणे, घरीच असते, फोन पिशवीत असेल, पिशवी सोडायला वेळ लागतो — थांबा ना जरा — आला. चौथा, पोहोचला. चारपैकी चार.

बोट ठेवून वाचत असेल आता. सावकाश वाचते ती.

तो अर्ज द्या इकडे. द्या म्हणते ना. सही मिळायची नाही तुम्हाला, रिकामी ट्रॉली घेऊन जा, स्टोअरमध्ये सांगा, बाईनं मशीन सोडलं नाही, वेड लागलंय तिला. आणि दार — ओढून घेऊ नका, उघडं राहू दे, येतीलच आता वर सगळे. — माझा फोन वाजतोय. नाव दिसतंय मला, चष्मा नको. सावकाशचाच आहे.

जा तुम्ही आता. जा, भाऊ.